खिडकीवरची कुंती

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही बेलापूरच्या एका खोलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मुलगी तान्ही होती. दिवसभर घरात कोंडलेल्या मला एकुलत्या खिडकीतून दिसणाऱ्या खाडीचाच काय तो आधार होता.

मुलीच्या बारशाला नवऱ्याच्या साहेबांनी स्वतः रंगवलेलं चित्र दिलं: कर्णाला पाण्यात सोडणारी कुंती. बारशाला नेमका हाच प्रसंग का सुचला, हे विचारायची सोय नव्हती. महाभारतात नदी आहे. साहेबांनी समुद्र काढला होता, कारण समुद्र भव्य असतो. चित्रही भव्य होतं. ते मावेल अशी भिंत एकच, खिडकीची.

“साहेब बघून जाईपर्यंत राहू दे,” नवरा म्हणाला. “मग काढू.”

दीड महिना मी भरदुपारी दिवा लावून लंगोटांच्या घड्या घातल्या. टोपलीतलं ते बाळ निदान कुठंतरी निघालं होतं.

शेवटी साहेब आले. चित्रामागची खिडकी मी उघडीच ठेवायचे. वारा आला आणि कॅनव्हास फुगला.

“वहिनी, लाटा हलतायत,” साहेब हळूच म्हणाले. “माझ्या घरी कधी हलल्या नाहीत. हे आता इथून काढू नका.”

माझ्याआधी नवऱ्याने मान डोलावली.