बायजाबाईंची म्हातारी राणी

बायजाबाई,

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुम्ही माझ्या हाताखाली तीस वर्षं काढलीत. बेडूक क्लोरोफॉर्मच्या बरणीत टाकायचे, मग ट्रेमधल्या मेणावर टाचायचे. तुम्ही कधी मागेपुढे पाहिलं नाहीत. निवृत्तीनंतर बेसाच्या घराच्या गच्चीवर मधपेटी ठेवलीत, त्याचं मला नवल वाटलं नाही. नवल पुढचं.

डिसेंबरात मी आले तेव्हा माश्या जेमतेम दोन चौकटींवर उरल्या होत्या, आणि तुम्ही त्यांना गुळाचं पाणी पाजत होतात.

"गूळ गरम रायते ना मॅडम. थंडीत आपण नाही खात का?"

"माश्या काय तुमच्या नाती आहेत? हगवण लागेल. साखरेचा दाट पाक द्या."

लागलीच होती. पेटीच्या तोंडावरचे पिवळे डाग तुम्ही मान वर न करता पुसलेत.

रिकाम्या चौकटी काढल्या, दार बोटभर ठेवलं, वरून पोतं घातलं. तरी आठवड्यात माश्या आणखी घटल्या. मग मी स्पष्ट सांगितलं, रामटेकला मधमाश्या पाळणाऱ्या कवडूची पेटी जोरात आहे, तिच्यात या मिसळून टाका. एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत, आपली राणी मात्र आधी मारावी लागेल.

"नाही मारत."

"म्हातारी झालीय ती. अंडी घालत नाही. उपयोग काय तिचा?"

"तुमी किती वर्साच्या, मॅडम?"

अठ्ठ्याहत्तर. मी चहा मागितला.

चहा ठेवता ठेवता तुम्ही म्हणालात, "तुमच्या कॉलेजच्या पोट्ट्यायसाठी इतले बेडकं मारले, तवा मले कोनी इचारलं होतं? हे पेटी माही आहे."

मग एकच मार्ग उरला. कवडूकडून अंडी-पिल्लांची एक चौकट, माश्यांसकट, दुपारच्या उन्हात चादरीत गुंडाळून आणायची, म्हणजे राणीही राहील आणि पेटीत माश्याही वाढतील. त्यानं लगेच होकार दिला. रविवारची बस ठरली.

रविवारी सकाळी मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे बरे होते. मूठभर माश्यांसाठी अख्खा दिवस घालवणं मला पटत नव्हतं. "एकटीनं मले जमन नाही, तुमी बऱ्या झाल्या का जाऊ," असं म्हणून तुम्ही फोन ठेवलात.

त्या आठवड्यात थंडी वाढली. शुक्रवारी तुमचा फोन आला. "मॅडम, राणीजवळ आठ-दहा होत्या. त्याबी गार पडल्या, अन् राणीबी."

कवडूनं चौकट निवडून ठेवली होती. आपण रामटेकला गेलोच नाही.