शेंगतेलातली आई

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले आणि आठच दिवसांत ऑइल पेंटिंगचं सामान घेऊन आले. मी म्हटलं, झालं, साठी बुद्धी नाठी. जन्मात कधी पाटीवर बदक न काढलेला माणूस कॅनव्हास ठोकत बसला. शिकवणारं कुणी नाही. मोबाईलवर व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि परत पहिल्यापासून.

पहिलं वर्षभर त्यांनी नुसती वांगी काढली. घरात वांग्याची भाजी करायची चोरी झाली, कारण टोपलीतलं वांगं त्यांना समोर लागायचं. पण खरं सांगते, वर्षाच्या शेवटी काढलेल्या वांग्यावर खिडकीचा उजेड असा काही पडला होता, की मी विळी सोडून बघायला आले. बिघडलेलं इंजिन खोलून बसायची सवय ती. जमल्याशिवाय उठायचं नाही.

मग एक दिवस म्हणाले, "आता आईला काढतो."

सासूबाई गेल्या तेव्हा हे चार वर्षांचे. फोटो एकही नाही. ह्यांना तिचे हात आठवतात, चेहरा नाही. "माझी आई कशी दिसायची, मला ठाऊक न्हाय," असं सगळ्या संसारात ते दोनदाच बोलले, आणि दोन्ही वेळा मला त्यांच्याकडं बघवलं नाही. तिला पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं, तिची धाकटी बहीण, हातकणंगल्याची मावशी. मावशीचा एक डोळा गेलेला, दुसराही अधू होत चाललेला. तिला दिसतंय तोवर चित्र व्हायला हवं होतं.

हे दर रविवारी तिच्याकडं जायचे. नाक विचारायचे, हनुवटी विचारायचे, घरी येऊन रंगवायचे. चार महिन्यांत चेहरा उभा राहिला. पण वाळेना. पंखा लावला, उन्हात ठेवलं, तरी रंग बोटाला येतोच. शेवटी रंगाच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "काका, तेल कुठलं घातलंय?"

वांग्यांच्या वेळची बाटली संपली, म्हणून ह्यांनी स्वयंपाकघरातलं घाण्याचं शेंगतेल घातलं होतं. व्हिडिओत जवसाचं सांगितलेलं. मी तेव्हाच टोकलं, तर म्हणाले, "उभा जन्म तेलात हात घालून बसलोय, तू मला तेल शिकवतीस व्हय?" दुकानदारानं सांगितलं, शेंगतेल वाळत नसतं, खरवडा आणि पुन्हा करा.

पुन्हा करायला वेळ नव्हता. त्याच आठवड्यात मावशीला कोल्हापुरात डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवलं आणि ते म्हणाले, दिसतंय तेवढं थोड्याच दिवसांचं आहे. दवाखान्यातून तिला आमच्याकडं आणलं. ह्यांनी ओलं चित्र खिडकीशी ठेवलं आणि स्वतः दाराला टेकून उभे राहिले. इतकं भ्यालेलं मी ह्यांना कधी बघितलं नव्हतं.

मावशी अगदी नाक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाय रं. ही ती न्हाय."

ह्यांचा चेहरा पडला. मी चहाचं निमित्त करून वळणार, तोच मावशीनं हात पुढं केला, कपाळावरच्या गोल कुंकवावर बोट टेकलं आणि आडवं ओढलं. "गोल कुठं लावत हुती ती? चिरी लावायची." ज्या चित्रावर हे माशी बसू देत नव्हते, त्याला तिनं बोट लावलं होतं. मी बोलणार होते, पण ह्यांनी मला हातानंच थांबवलं.

मावशी मागं सरकली. "आता आली बघ," म्हणाली आणि चित्राशीच बोलायला लागली, "अक्का, पोरगं म्हातारं झालं की गं तुझं."

हे मावशीपुढं खाली बसले. तिचं लाल बोट त्यांनी आपल्या शर्टाला पुसलं आणि चित्राकडं बघून "आई" म्हणाले. मग आम्ही तिघंही रडलो.

आता हे जवसाचं तेल वापरतात. लोक घरी येऊन चित्रं बघून जातात, आणि मला ह्यांचा अभिमान वाटतो, तो मी लपवत नाही. पण ते चित्र त्यांनी खरवडलं नाही. त्याच्यावरची धूळ टिपताना माझ्या नाकी नऊ येतात. मावशीला आता काहीच दिसत नाही. आली की दारातूनच विचारते, "वाळलं का रं?"

"न्हाय अजून."

"बरं हाय," म्हणते आणि चपला काढून आत येते.