पाहुण्याच्या कपाळावरचे तांदूळ
कवठे महांकाळजवळ द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये मी आणि माझी चुलती पेट्या भरायचो. परदेशी गिऱ्हाइकाचा नियम होता, पेटीत काही पडू नये म्हणून बायकांनी टिकली, बांगड्या काढूनच आत यायचं. चुलतीला ते फार लागलं होतं.

एकदा तो गिऱ्हाईक स्वतःच आला. मालकीणबाईंनी फाटकावर त्याला ओवाळलं, कपाळाला कुंकू आणि तांदूळ लावले. तो तसाच आत शिरायला लागला, तशी चुलती दारात आडवी आली.

"आवं सायेब, पेटीत तांदूळ पडला तर? कपाळ धुऊन या."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याला सगळं सांगितलं. तो खो खो हसला आणि नळाकडे गेला.

तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांना येताना नाही, जाताना ओवाळतात.