तुळजाजीचा सांधा

गाडीखाली शिरायला मानाजीरावांना हल्ली पाच मिनिटं लागत. आधी एक गुडघा, मग बंपरला धरून दुसरा, मग कुशीवर, मग पाठीवर. आणि प्रत्येक टप्प्याला एक "अय्यो मुरुगा". अडुसष्ट वर्षांच्या माणसानं देवळात जावं, नातवंडांवर ओरडावं, दुपारी पंख्याखाली झोपावं. मानाजीराव मात्र रोज सकाळी मद्रासच्या सैदापेटहून बस धरून गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये येत आणि दुसऱ्याच्या म्हाताऱ्या गाडीखाली पाठ टेकत. सात महिने झाले होते आणि त्यांना या सगळ्याचा कंटाळा आला होता.

गाडी गजेंद्र पाटणकरांची. हे मूळचे साताऱ्याचे, अवाडीच्या संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेले आणि अण्णा नगरात स्थायिक. माणूस सज्जन, पण उत्साही. उत्साही माणसाच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पाटणकरांनी एका भंगारवाल्याच्या आवारातून ही एकसष्ट सालची परदेशी पिकअप उचलून आणली, आणि त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द बसला: ओरिजिनल.

कारण साधं होतं. गाडीची जुनी नोंदणी कधीच संपली होती. आता ती रस्त्यावर यायची तर पुरातन गाड्यांच्या नोंदणीतूनच, आणि तिथं अट अशी की इंजिन, बॉडी, चॅसी यांत कुणी फेरफार केलेला नसावा. या गाडीत तर मद्रासच्या निम्म्या मेकॅनिकांनी हात धुऊन घेतले होते. इंजिन टेंपोचं डिझेल, पुढचे दिवे रिक्षाचे, हॉर्न बसचा, मागचा हौदा सागवानी फळ्यांचा. पाटणकरांनी कोइंबतूरहून मूळ जातीचं इंजिन शोधून आणलं, दिवे कुठूनसे परदेशातून मागवले, आणि नव्या पत्र्याच्या हौद्यासकट बाकीचं काम मानाजीरावांच्या अंगावर घातलं.

मानाजीराव एकेक वस्तू उतरवत गेले. प्रत्येकीचा कर्ता त्यांना ठाऊक होता. हॉर्नची पट्टी आरोग्यसामीची, वाकडी पण हलायची नाही. हौद्याचे कोपरे बांधले होते कासीम भाईंनी, खिळा न वापरता. दोघंही वर गेलेले. त्यांनी पोटासाठी केलेली कामं भंगाराच्या ढिगावर टाकताना मानाजीरावांना वाटे, आपण काही दुरुस्त करत नाही आहोत, माणसं पुसतो आहोत. पण हे बोलायचं कुणापाशी? पाटणकर म्हणत, "काय कचरा भरला होता हो लोकांनी हिच्यात!" मानाजीराव म्हणत, "होय सार."

आणि एक गोष्ट त्यांनी पहिल्या दिवसापासून सांगितली नव्हती.

गाडीचा नंबर वाचल्याबरोबर त्यांनी तिला ओळखलं होतं. चौऱ्याऐंशी साली टी. नगरचे एक चेट्टियार ही गाडी घेऊन त्यांच्या दुकानी आले होते. लग्नाच्या मांडवाचे वासे भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. वासे हौद्यात मावत नव्हते, आणि याच कंपनीची लांब गाडी निघत असे, पण इथं कुठं मिळत नव्हती. तेव्हा मानाजींचे थोरले भाऊ तुळजाजी घरच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "मिळत नाहीं तर करूं." दोघा भावांनी चॅसीचे दोन्ही दांडे कापले, मध्ये तसल्याच लोखंडाचा दीड फूट घातला आणि गाडी लांब केली. एकोणीस दिवस लागले.

आता असं काम मद्रासेत शंभर जण करत. पण तुळजाजींची एक खोड होती, घराण्यातून आलेली. त्यांचे आजोबा तंजावरला देवळांच्या पितळी समया सांधायचे. सांधल्यावर त्यावरून नख फिरवायचं. नखाला लागलं तर पुन्हा कानस. लोकांना काम दिसलं पाहिजे असं इतर कारागिरांना वाटतं, या घराला उलटं वाटे. समईचं ठीक आहे, ती देवापुढं असते. पण ट्रकच्या पोटाखाली, चिखलात, नख फिरवायला कोण येणार होतं? तुळजाजींनी तरीही चार दिवस नुसती कानस चालवली. वर कंपनीच्या रिबिटांसारखी रिबिटं ठोकली, कंपनीच्याच अंतरानं. चेट्टियारांनी काम बघितलं, "सरी", म्हणजे ठीक, म्हणाले आणि वासे भरून गेले. कौतुक एवढंच.

पुढं तुळजाजींचे डोळे वेल्डिंगनं गेले आणि मागाहून छाती. बारा वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ते वारले. दुकान गेलं, त्यांनी केलेल्या गाड्या एकेक करून वितळल्या. ही एक राहिली होती.

हे पाटणकरांना सांगितलं की गाडी बाद. चॅसीला हात लागलेली गाडी नोंदणीत बसत नाही, आणि ती रस्त्यावर यावी म्हणून तो माणूस लहान मुलासारखा दिवस मोजत होता. न सांगावं, तर आपल्या भावाचं सगळ्यात चांगलं काम सरकारी कागदावर परदेशी कंपनीच्या नावानं चढणार. मानाजीरावांनी सात महिने तो सांधा शोधलाच नाही. दांडे घासले, रंगवले, पण नख फिरवलं नाही. सापडला असता तर तोंड उघडावं लागलं असतं.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी त्यांची बायको राजसबाई पानात दह्यातली डांगर पच्चडी वाढता वाढता म्हणाली, "सांगून टाका कीं त्यांस. मनांत ठेवून काय लोणचं घालतां?"

"सांगितलों तर गाडी गेली. सात महिन्यांचं अस्कं काम पाण्यांत."

"आणि न सांगितलांत तर?"

"तर दादा गेला."

"ते जाऊन बारा वर्षं झालीं."

मानाजीराव जेवत राहिले. मग म्हणाले, "मी दमलों, राजस. उद्यां कोणी कांहीं विचारूं नये, बस." राजसबाईनं त्यांच्या भातावर आणखी ताक घातलं आणि विषय सोडला.

तपासणीला दोघं आले. एक परिवहन खात्याचे अधिकारी, आणि त्यांच्याबरोबर इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक. पाटणकर इस्त्रीच्या शर्टात उभे होते. त्यांच्या पत्नी जयवंतीबाईंनी नारळाच्या वड्यांचा डबा आणला होता, आणि निकालाआधी उघडायचा नाही म्हणून तो घट्ट धरून ठेवला होता. इंजिन बघून झालं, बॉडी झाली. मग प्राध्यापक शर्टाची पर्वा न करता टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. चांगला माणूस होता, कामाची आवड असलेला. बराच वेळ ते खाली होते.

बाहेर आले ते खुशीत. तमिळमध्ये म्हणाले, "चॅसी एक नंबर. बघताक्षणी कळतं, कंपनीचं काम आहे. आपल्याकडच्या लोकांनी हात लावला असता तर वड्यासारखे गोळे दिसले असते वेल्डिंगचे. आपल्याकडं हे हात नाहीत हो."

अधिकाऱ्यांनी पेन काढलं. पाटणकरांनी डोळे मिटून घेतले. आणि सात महिने गप्प बसलेले मानाजीराव तमिळमध्ये बोलले, "सार, ती चॅसी जोडलेली आहे. मी आणि माझ्या भावानं जोडली. चौऱ्याऐंशी साली."

याला आपल्याकडं हात दाखवून अवलक्षण म्हणतात. मानाजीरावांना ते कळत होतं, पण वड्यासारखे गोळे त्यांना सहन झाले नाहीत. पाटणकरांकडं त्यांनी पाहिलं नाही, लाज वाटत होती.

"काय बोलताय, मानाजीराव?" पाटणकरांचा आवाज फाटला.

अधिकारी शांतपणे म्हणाले, "कुठं जोडलीय? दाखवा."

मानाजीराव गुडघ्यावर बसले, कुशीवर झाले, पाठीवर झाले. या वेळी मुरुगाचं नाव घ्यायचं राहून गेलं. प्राध्यापकही शेजारी शिरले आणि त्यांनी टॉर्च धरली. मानाजीरावांनी हौद्याच्या पुढच्या कडेपासून वीत मोजली, डाव्या दांड्यावर अंगठ्याचं नख ठेवलं आणि हळूहळू मागं नेलं. काही लागलं नाही. पुन्हा पुढं आणलं. मग उजवा दांडा. नख नुसतं घसरत होतं. त्यांनी खिशातली रंग काढायची पत्री काढून, स्वतःच लावलेला काळा रंग तळहाताएवढा खरवडला. खाली कोरं, सलग लोखंड. आणखी वीतभर खरवडलं. तेच. शेजारच्या रिबिटांपैकी कुठली कंपनीची आणि कुठली दादांची, तेही त्यांना सांगता येईना.

"इथंच होता," ते म्हणाले. "इथंच कुठंतरी."

प्राध्यापकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पेरियवरे, आजोबा, दुसरी गाडी असेल ती. चाळीस वर्षांत होतं असं." मग ते बाहेर सरकले आणि अधिकाऱ्यांना हलक्या आवाजात काहीतरी म्हणाले. पेन कागदावर चाललं. पाटणकर आधी रडवेले झाले आणि मग एकदम मोठ्यानं हसले. "घाबरवलंत हो मानाजीराव! अशी मस्करी करतात का?"

मानाजीराव बाहेर आले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा दांड्यावरून नख नेलं. दादा चांगले कारागीर होते हे त्यांना आयुष्यभर माहीत होतं, पण इतके चांगले होते हे आज कळलं. त्या वेळी चार दिवस कानस चालवताना आपण त्यांच्यावर चिडलो होतो, पुरे की आता म्हणालो होतो. "दादा, मलाही सांपडला नाहीं," हे त्यांना आत्ता कुणाला तरी सांगायचं होतं. आणि हे ऐकून ज्याला आनंद झाला असता असा माणूस जगात एकच होता.

ते गाडीखाली पडून रडले. बाहेर जयवंतीबाईंनी डबा उघडून वड्या वाटल्या, आणि मानाजीरावांच्या वाटच्या दोन कागदावर काढून बॉनेटवर ठेवल्या.