फुंकरमामांनी आ केला तेव्हा

नट वाक्य विसरला की विंगेतून नेमकं त्याच्याच कानात पोचेल, पहिल्या रांगेला मात्र सुगावा लागणार नाही, अशी कुजबुज अख्ख्या नाटक कंपनीत एकाच माणसाला साधायची. म्हणून सगळे त्यांना फुंकरमामा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी राजे तारले, प्रेमवीर तारले. टाळ्या दुसऱ्यांनी घेतल्या.

तरुणपणीच्या विड्यांनी फुप्फुसं पोखरली होती. दोन वर्षांत पाचदा मामा छाती भरून रुग्णालयात पडले. खोकल्याची उबळ तर नेमकी राजाच्या मरणाच्या प्रवेशात यायची. शेवटी मॅनेजरने बजावलं, आणखी एकदा खोकलात तर विंगेत दुसरा माणूस बसेल.

मग मामांनी गालात गोड गोळी धरायला सुरुवात केली. एक विरघळली की दुसरी. छातीसाठी दिलेला औषधाचा फवारा ओढल्यावर चूळ भरायची असते; पण तिचा आवाज प्रेक्षकांत जाईल, म्हणून तीही टाळली. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, तेव्हा ब्रशच सोडला.

पुढच्या तपासणीला छातीच्या दवाखान्यात नव्या नर्सबाई होत्या. फवारा कसा ओढता, दाखवा म्हणाल्या. मामांनी आ केला आणि बाई थबकल्या. विड्यांचं पाप विड्यांचंच, त्या म्हणाल्या, पण सुजलेल्या हिरड्यांतले जंतू श्वासाबरोबर छातीत उतरतात, आजार पुन्हा उसळायला तेही निमित्त होऊ शकतं.

मामा तडक डॉक्टरांसमोर उभे राहिले.

"तीन वर्षं माझी छाती तपासताय. एकदा 'आ करा' म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं?"

डॉक्टर म्हणाले, दातांचा विभाग वेगळा.

"म्हणजे यांचं तोंड आणि छाती काय वेगवेगळ्या गावांना राहतात?" सोबत आलेल्या मामी म्हणाल्या. डॉक्टरांनी कागदात डोकं खुपसलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चार खेपांत हिरड्या साफ केल्या, गोड गोळ्या बंद केल्या. जिना चढताना धाप अजून लागते. पण त्या हंगामात रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही.

त्या हंगामाच्या पहिल्याच प्रयोगाला, मध्यंतरात, मामांनी विंगेत तांब्या आणि बादली मांडली, फवारा ओढला आणि खणखणीत चूळ भरली. ओठांवर बोट ठेवून मॅनेजर धावत आला.

"चूळ हवी की खोकला? एक काय ते निवडा," मामा म्हणाले.

मध्यंतर संपल्याची घंटा झाली. राजा मरणशय्येवर आडवा झाला आणि वाक्य विसरला. विंगेतून फुंकर आली. मॅनेजर बादली हातात धरून उभा होता.