ओतून दिलेलं गुलाबी पाणी

घरात तिला सगळे शंकासूर म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं. ते गेल्यावर नवऱ्याने वारसाहक्काने उचललं. बाहेर पडताना ती कुलूप ओढून बघायची, जिना उतरायची, पुन्हा वर जायची आणि पुन्हा ओढून बघायची. नवरा खालून ओरडायचा, "अगं, लागलंय! तू ओढताना मी पाहिलंय. आता त्या कुलपालाच स्वतःची शंका यायला लागेल!" तीही हसायची, पण बघून आल्याशिवाय काही तिचा पाय पुढे पडायचा नाही.

असा स्वभाव असलेल्या माणसाने पोस्टडॉक होऊ नये. पीएचडी झालेली असते, म्हणून विद्यार्थी म्हणता येत नाही. नोकरी कायम नसते, म्हणून नोकरदार म्हणवत नाही. मुदत संपत आली की जीव टांगणीला. आई मात्र शेजारणींना ठणकावून सांगायची, "आमची लेक डॉक्टर आहे, कॅन्सरची!" मग फोनवर शेजारणींचे गुडघे यायचे. आपण माणसांच्या नाही, डिशमधल्या पेशींच्या डॉक्टर आहोत, हे सांगून सांगून ती थकली होती.

प्रयोगशाळा लहान मुलांच्या कॅन्सरची. खालच्या मजल्यांवर हॉस्पिटल, वर हे लोक. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा एखादा तुकडा वर यायचा. ती त्याच्या पेशी सुट्या करून डिशमध्ये ठेवायची, गुलाबी रंगाचं खाद्य घालायची आणि उबदार कपाटात वाढवायची. वाढल्या की त्यांच्यावर एकेक औषध घालून बघायचं आणि कशाने मरतात ते डॉक्टरांना सांगायचं. सांगायला सोपं. मुलांच्या अंगात माजलेल्या या गाठी डिशमध्ये मात्र रुसून बसत आणि बहुतेक वेळा तिच्या डोळ्यांदेखत मरून जात.

पोटातली ही एक गाठ मात्र जगली. कुणाची, ते कागदावर नव्हतं, नुसता नंबर होता. पण वर-खाली जायला लिफ्ट एकच. टोपी घातलेली एक चिमुरडी आईच्या कडेवरून लिफ्टची सगळी बटणं दाबायची, आणि वॉर्डातल्या डॉक्टरांनी एकदा डोळ्यांनी खूण केली होती की हीच ती. त्या दिवशी पोरीने तिचा पांढरा कोट बघून विचारलं होतं, "तू पण सुई टोचतेस?"

"नाही गं. मी वर असते. बारीक बारीक पेशींना खाऊ घालते."

"मग त्या मोठ्या होतात?"

"हो," ती म्हणाली, आणि आपला मजला यायच्या आधीच उतरून जिन्याने गेली.

तेव्हापासून त्या पेशी तिने तळहाताच्या फोडासारख्या जपल्या. दिवसाआड खाद्याचं जुनं गुलाबी पाणी नळीने ओढून टाकायचं आणि नवं घालायचं. जुन्या पाण्यात काही पेशी तरंगत असायच्या, त्या मेलेल्या. त्या पाण्याबरोबर जायच्या. तळाला चिकटलेल्या त्या जिवंत. सगळीकडे असंच करतात, तिला शिकवलंही तसंच होतं.

आणि मग निकाल आला. एका औषधाने ते घातलेली अख्खी डिश साफ झाली! मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, एरवी कौतुकाच्या बाबतीत अगदी हात आखडता. त्यांनीसुद्धा पाठ थोपटली. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, "नेहमीची औषधं आता तिला लागू पडत नाहीत. हे जहाल आहे, पण तुमच्या डिशवर भरवसा ठेवतो. सोमवारी सुरू करू. मला फक्त पेशींचा एक चांगला फोटो द्या, बैठकीत दाखवायला."

सोमवार जवळ यायला लागला तशी तिची झोप उडाली. फोटो काढायच्या सकाळी तर ती इतकी सैरभैर होती की पेशींचं पाणी बदलायचंही राहिलं. औषध न घातलेली एक डिश तिने मायक्रोस्कोपखाली ठेवली. लांबट, सडपातळ पेशी एकीला एक लागून छान ओळीत झोपलेल्या. फोटो सुरेख आला. तो बघता बघता तिच्या मनात पाल चुकचुकली.

डिश भरल्यावर या पेशी वाढायच्या थांबल्या होत्या. शेजारणीला धक्का लागला की आपलं अंग चोरून घेत होत्या. कॅन्सरला कुठली एवढी रीतभात? तो शेजाऱ्याच्या अंगावर चढतो, घरात घुसतो. इतकं शहाण्यासारखं वागतात त्या निरोगी पेशी. गाठीबरोबर त्यांचाही थोडा भरणा येतोच.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. फक्त गाठीच्या पेशींनाच चिकटणारा चमकता रंग असतो, तो तिने तळाच्या थोड्या पेशी खरवडून घेऊन त्यांच्यावर घातला. सुरुवातीला घातला होता तेव्हा डिशभर दिवे लागले होते. आता काळोख. एकही ठिपका नाही. तिने पुन्हा घातला. कुलूप ओढून बघणारी बाई ती. पुन्हा काळोख.

म्हणजे इतके दिवस तिने खाऊपिऊ घालून वाढवल्या त्या पोरीच्या चांगल्या पेशी. औषधाने मारल्या त्याही चांगल्याच. आणि सोमवारी तेच औषध तिच्या नसेत जाणार होतं.

गप्प बसावं, असं तिला वाटलं का? वाटलं. खोटं कशाला सांगा? मुदतवाढीचा निर्णय तोंडावर होता आणि या निकालावरच सगळी भिस्त होती. पण लिफ्टमधली ती टोपी काही डोळ्यांपुढून हलेना. ती मॅडमच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून मोकळी झाली.

मॅडमनी चष्मा काढला. "नंतर पुन्हा तपासल्या नव्हत्यास?"

"नाही. पहिल्यांदा बरोबर होत्या. मग इतक्या छान वाढायला लागल्या की..." कुलूप दोनदा ओढणाऱ्या तिने नेमकं हे एकदाच ओढून पाहिलं होतं. तिला रडू फुटलं.

"रडू नकोस. मीही बघितल्या होत्या. किती गुणी पेशी आहेत, असं मीच म्हणाले होते," मॅडम म्हणाल्या आणि तिच्यासमोरच त्यांनी वॉर्डात फोन लावला. "सोमवारचं औषध थांबवा. आमची चूक झाली आहे. हो, आमची. वर या, सांगते."

"मग गाठीच्या पेशी गेल्या कुठे?" फोन ठेवून त्यांनी विचारलं.

तिला एकदम ते जुनं पाणी आठवलं. तरंगणाऱ्या! तळाला घट्ट न धरणाऱ्या, मेलेल्या समजून ती दिवसाआड मोरीत घालवत होती त्या. मुलीचा खरा आजार तिने स्वतःच्या हाताने ओतून दिला होता.

"आज पाणी बदललं नाही मी," ती पुटपुटली आणि धावलीच.

डिशमधलं गुलाबी पाणी तिने थेंबही न सांडता काढलं, यंत्रात गरगर फिरवलं, खाली बसलेला गाळ घेतला आणि त्यात निळ्या रंगाचा थेंब सोडला. मेलेली पेशी निळी होते. जिवंत पेशी रंगाला आत घेत नाही. तिने डोळा लावला. निळ्या, निळ्या, सगळीकडे निळ्या. तिने काच सरकवली. एका कोपऱ्यात गोल, स्वच्छ, चमकदार अशा काही पेशी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या.

"आहेत! मॅडम, जिवंत आहेत!" ती लहान मुलासारखी ओरडली.

वॉर्डातले डॉक्टर दारात येऊन उभे होते. ते हसले नाहीत. "किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं.

"मूठभर आहेत. वाढल्या की सगळी औषधं पुन्हा घालून बघावी लागतील. नक्की सांगता येत नाही."

"तिची गाठ थांबणारी नाही," ते म्हणाले. रागाने नाही, दमलेल्या आवाजात. "लवकर करा."

ते गेले. मॅडमही त्यांच्यामागून गेल्या. खाली मुलीच्या आईला सांगायचं होतं. इकडे वर तिने त्या मूठभर पेशी नव्या डिशमध्ये ठेवल्या, ताजं पाणी घातलं, कपाटाचं दार लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. मग काचेला कपाळ टेकून म्हणाली, "वाढा गं बायांनो. लवकर लवकर वाढा. तिच्या पोटातल्यांपेक्षा लवकर."

आपण हे कुणाला सांगतोय ते तिच्या ध्यानात आलं आणि अंगावर सर्रकन काटा आला. पण शब्द काही तिने मागे घेतले नाहीत. उलट आणखी एकदा म्हणाली.