भिंगमामा आणि आठ शिंगांचा राउटर

अख्खी गल्ली त्यांना भिंगमामा म्हणते. खरं नाव लाइटच्या बिलावर आहे, ते तिथंच बरं आहे. तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून करून उजवा डोळा असा झालाय, की भिंग काढलं तरी तो मिटलेलाच राहतो. नवीन माणसाला वाटतं मामा आपल्याला डोळा मारतायत. त्यातून दोन-तीनदा गैरसमजही झालेत. ते मामींनी निस्तरले.

आता घड्याळ दुरुस्त कोण करतंय? कोपऱ्यावरचं दुकान रस्ता रुंद करताना गेलं, तेव्हापासून मामा घरातल्या मागच्या खोलीत बसतात. तिथं उत्तरेची खिडकी आहे. दिवसभर एकसारखा उजेड, सावली पडत नाही. खिडकीखालचं टेबल मामांनी बोल्ट मारून भिंतीला पक्कं केलंय, कारण ते केसभर हललं तर मोहरीपेक्षा बारीक स्क्रू उडतो आणि मग तो फक्त देवालाच सापडतो. टेबल, खिडकी आणि मामा हे एकच यंत्र आहे. त्यातलं एक उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

हे मेहुण्यांना कधीच कळलं नाही. मेहुणे म्हणजे मामींचे थोरले भाऊ. त्यांना बाकी सगळं कळतं. डॉक्टरला औषध सांगतात, ड्रायव्हरला गिअर सांगतात, आणि दर रविवारी येऊन मामांना आयुष्य कसं जगायचं ते सांगतात.

"दाजी, पुरे झालं आता. पहिल्या तारखेपासून माझ्या गोडाऊनवर बसा. गेटवर खुर्ची आहे. कुठली गाडी आली, कुठली गेली, तेवढं वहीत लिहायचं. वर पंखा आहे."

पंखा आहे हे ते असं म्हणाले, जसा काही बंगलाच देतायत. मामांनी भिंग परत डोळ्याला लावलं. मामा तसे बोलतच नाहीत. दिवसाला पंधरा-वीस शब्द, त्यातले निम्मे "चहा" आणि "ठेव तिथं".

पण मामींना तोंड होतं आणि डोकंही होतं. त्यांनी कुणाला न विचारता एक फॉर्म भरला. घड्याळदुरुस्ती शिकवणारी एक संस्था होती, सगळं व्हिडिओवर, लांबलांबची पोरं घरबसल्या शिकायची. त्यांना शिक्षक पाहिजे होता. परीक्षा गुरुवारी सकाळी अकरा वाजता. ते एक बंद पडलेलं घड्याळ सील करून कुरिअरने पाठवणार. मामांनी कॅमेऱ्यासमोर सील फोडायचं, बिघाड शोधायचा, घड्याळ चालू करायचं आणि करता करता समजावून सांगायचं. वेळ एक तास. जे काही करायचं ते त्यांच्या डोळ्यांदेखत.

घड्याळाची काळजी कुणालाच नव्हती. काळजी दोन गोष्टींची होती. एक, मामा बोलणार कसे. दुसरी, मागच्या खोलीत रेंजच नव्हती. राउटर पुढच्या खोलीत दाराशी. मागच्या खोलीत व्हिडिओ लावला की समोरच्याचं तोंड उघडं राहून तसंच थिजायचं.

"पुढच्या खोलीत बसा की," मेहुणे म्हणाले.

"टेबल?" मामा म्हणाले.

"टेबल काय, टेबल उचलायचं."

मामांनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी माणसं रस्त्यात आडव्या आलेल्या बैलाकडे बघतात.

मग मेहुण्यांनी सूत्रं हातात घेतली. कुणी दिली नव्हती, त्यांनी घेतली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात जाऊन राउटर घेऊन आले. आठ अँटेना. काळा, चपटा, आठही शिंगं वर. उताणं पडलेलं झुरळ मोठं करून ठेवल्यासारखा दिसत होता. दुकानदाराला त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, की सगळ्यात जास्त अँटेना कशाला आहेत. घर केवढं, भिंती किती, हे काही नाही. लग्नाला मुलगी बघताना फक्त उंची विचारावी तसं.

"आता बघा," मेहुणे शिंगं फिरवत म्हणाले. "शेजारच्या इमारतीतसुद्धा जाईल रेंज."

ते मात्र खरं निघालं. शेजारच्या इमारतीत गेली. जिन्यात गेली, रस्त्यावर गेली. मागच्या खोलीत तेवढी नाही गेली.

मेहुणे खचले नाहीत. ज्याला सगळं कळतं तो खचत नाही. संध्याकाळी रिपीटर घेऊन आले, म्हणजे राउटरची रेंज पकडून पुढे फेकणारी डबी. ती त्यांनी थेट मामांच्या टेबलाशेजारच्या सॉकेटमध्ये खुपसली. तिचा लाल दिवा लागला. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरल्या. मेहुण्यांनी टाळी मागितली. मामींनी व्हिडिओ लावला. तोंड उघडं राहून थिजलं.

"काड्या तर फुल आहेत!" मेहुणे फोनकडे बघून डाफरले.

मामांनी डबीकडे बघितलं. पुढच्या खोलीकडे बघितलं. म्हणाले, "हिला इथं ऐकूच येत नाही. ही पुढे काय सांगणार?"

एका दमात एवढे शब्द. मामींनी हातातली परात खाली ठेवली.

मेहुणे हसले. "दाजी, हे घड्याळ नाहीये."

ते घरी गेल्यावर मामांनी खडू घेतला. बंद घड्याळ आलं की मामा पार्ट बदलत नाहीत. चावीची स्प्रिंग ताकद देते, ती एका चाकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. ती कुठपर्यंत पोचते आणि कुठं मरते, ते चाकामागून चाक बघत जायचं. बिघाड तिथं. बाकीच्यांना हात लावायचा नाही. मामांनी राउटरच्या बाबतीत तेच केलं. फोनवर स्पीड मोजायचा, फरशीवर आकडा लिहायचा, दोन पावलं पुढे, परत मोजायचं. मामी मोजायच्या, मामा लिहायचे. गुडघ्यावर बसून, भिंग लावून. भिंग कशाला ते विचारू नका, सवय.

दाराशी साठ. बोळात अठ्ठेचाळीस. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक्केचाळीस. आणि तिथून दोनच पावलांवर, मागच्या खोलीत, सहा.

दोघं थांबले. मध्ये काय होतं? फ्रिज. फ्रिजला चिकटून स्टीलच्या भांड्यांची जमिनीपासून माळ्यापर्यंतची मांडणी, आणि तिच्यामागे मागच्या खोलीची भिंत. लोखंडाचा नुसता तटच. दहा वर्षं मामी ज्या मांडणीचं कौतुक सांगत होत्या, तिनेच गळा धरला होता.

"हलवू?" मामींनी विचारलं. आवाजात जीव नव्हता.

"नको. ती तुझं टेबल आहे," मामा म्हणाले.

मामींनी पदराने उगाचच एक स्वच्छ डबा पुसला.

मग मामांनी रिपीटर उपटून बोळात लावला, जिथं त्याला ऐकू येत होतं. टेबलापाशी पंधरा मिळाले. व्हिडिओ चालला, पण मध्येच अडखळायचा. कुणालाही चालला असता. मामांना दिवसाला दोन मिनिटं मागे पडणारं घड्याळ चालत नाही, त्यांना हे कसं चालेल? त्यांनी इंटरनेटच्या लाइनवाल्याला फोन लावून एकच प्रश्न विचारला: "वायर टाकली तर?" लाइनवाला म्हणाला, "मामा, वायरीसारखं काही नाही. पण आजकाल कुणी विचारतच नाही."

माळ्यावर जुना राउटर पडला होता. लाइनसोबत फुकट आलेला, दोन अँटेनांचा, मेहुण्यांनी भंगार ठरवलेला. लाइनवाल्याने फोनवर सांगितलं तसं मामींनी त्याचं सेटिंग बदललं. मामांनी पुढच्या राउटरपासून वायर काढली, बोळाच्या कडेने, स्वयंपाकघराच्या झरोक्यातून, थेट टेबलाखाली, आणि तिच्या टोकाला हे भंगार जोडलं. बावन्न मिळाले. व्हिडिओतलं माणूस माणसासारखं बोलायला लागलं.

गुरुवारी अकराला मामा बसले. फोन दिव्याच्या दांडीला उलटा बांधलेला, कॅमेरा हातांवर. समोर स्क्रीनवर संस्थेच्या बाई, केस पिकलेल्या, आवाज करकरीत. पुढच्या खोलीत सोफ्यावर मेहुणे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "काही टेक्निकल लागलं तर," म्हणून आले होते.

मामांनी सील फोडलं. मागचं झाकण उघडलं. आणि गप्प. बाई वाट बघतायत. "मामा, बोला काहीतरी," बाई म्हणाल्या. गल्लीतलं नाव मामींनी फॉर्मवरसुद्धा लिहिलं होतं. मामा म्हणाले, "हं." दाराआड मामींनी कपाळाला हात लावला.

इकडे मेहुण्यांच्या फोनवर राउटरचं ॲप होतं. त्यात एक लाल ठिपका आला. अपडेट उपलब्ध आहे. आता ज्या माणसाला सगळं कळतं, त्याने लाल ठिपका तसाच सोडायचा? दाबला. आठ शिंगांचे सगळे दिवे विझले.

मामांच्या डोळ्याला भिंग. त्यांना काहीच कळलं नाही. ते चाकामागून चाक तपासत गेले, तिसऱ्या चाकाच्या दात्यांशी कापसाचा एक तंतू अडकलेला दिसला, चिमट्याने ओढला. बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाला ठेका देणारं झुलतं चाक, हललं, झुललं, चाललं. झालं! मामांनी भिंग काढून वर बघितलं, तर बाई तोंड उघडं ठेवून थिजलेल्या.

चार मिनिटांनी बाई हलल्या. "मामा, लाइन गेली होती. घड्याळ चालू दिसतंय. पण आम्ही काहीच बघितलं नाही हो. कसं चालू केलंत, ते मी काय लिहू?"

मामी दारातच खाली बसल्या. मेहुणे पुढच्या खोलीतून ओरडले, "झालं अपडेट!"

मामांनी घड्याळाकडे बघितलं, चिमट्यातल्या तंतूकडे बघितलं. मग म्हणाले, "परत बिघडवतो."

"काय?"

"हा तंतू परत घालतो. बघा आता." आणि कॅमेऱ्यासमोर त्यांनी तो तंतू तिसऱ्या चाकाशी जिथं होता तिथंच बसवला. घड्याळ बंद. "आता हे तुमच्याकडून आलं तसं झालं. आता समजा तुम्ही पोरं आहात आणि मी शेजारी नाही. पहिलं काय बघाल? चावी. चावी भरलीय का? भरलीय. म्हणजे ताकद आहे. मग जाते कुठं? पहिलं चाक बघा, ताणलेलं आहे. दुसरं, तेही ताणलेलं. तिसऱ्यानंतर सगळं ढिलं. बरोबर? म्हणजे चोर कुठं लपलाय?"

"तिसऱ्यापाशी," बाई म्हणाल्या. परीक्षा घेणारी बाई उत्तर द्यायला लागली होती.

"पुढची तपासायची गरज आहे?"

"नाही."

"मग हात लावू नका. जे चालतंय त्याला हात लावला की दुसरा बिघाड तुम्हीच करता."

हे मामा घड्याळाबद्दल बोलत होते. पुढच्या खोलीत मेहुण्यांनी फोन खिशात घातला.

मामा पंचवीस मिनिटं बोलले. मामींनी लग्नानंतर पहिल्यांदाच एवढं ऐकलं. तंतू निघाला, बॅलन्स झुललं, मामांनी घड्याळ फोनजवळ धरलं, आणि पलीकडे बाईंनी कुणालातरी "शू, गप्प" केलं. दोन मिनिटं फक्त टिकटिक.

"सोमवारपासून," बाई म्हणाल्या. "बारा पोरं आहेत. आणि मामा, बिघडवून दाखवायचं ते पहिल्याच दिवशी करा."

मामी बाहेर आल्या. "दादा, गेटवर दुसरं कुणीतरी बघ." एवढंच म्हणाल्या, पण त्यात दहा वर्षांचे रविवार होते.

मेहुणे तोवर फोनवर होते. "अरे, झालं दाजींचं! राउटर मी निवडला ना. आठ अँटेनांचा. हो, मीच स्वतः..."

मामा पुढच्या खोलीत आले. हात पुढे केला. मेहुण्यांना वाटलं, आभार मानतायत, म्हणून त्यांनीही हात पुढे केला. मामांनी तो बाजूला करून त्यांच्या कानाला लावलेला फोन घेतला, चालू कॉल कापला, राउटरचं ॲप शोधून काढून टाकलं, आणि फोन परत दिला.

"चहा?" मामांनी विचारलं.